घाव कुठे पडू द्यायचा

राल्फ कार्लसन गेला. 'इन्टू द ब्रीच' या कॉम्प्युटर गेममधला माझा पायलट. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो, आणि तरी तो टर्न डोक्यातून जात नाही. दिवा मालवून पडलं की पट आपोआप डोळ्यांसमोर उभा राहतो. आठ बाय आठ घरं. एका कडेला, अगदी टोकाला, अल्फा फायरफ्लाय, व्हेक नावाच्या राक्षसी किड्यांतली एक दांडगी, मारा करायच्या पवित्र्यात. तिच्यासमोर अख्खी ओळ मोकळी आणि ओळीच्या शेवटी एक इमारत. वरच्या कोपऱ्यात स्कॅरॅब, त्याचा गोळा दुसऱ्या एका इमारतीवर पडणार. मधोमध हॉर्नेट, तिसऱ्या इमारतीला नांगी लावून बसलेली. पॉवर ग्रिडमध्ये, म्हणजे इमारतींना लागणाऱ्या वारांनी घटत जाणाऱ्या विजेच्या साठ्यात, एकच खूण उरलेली, म्हणजे या तिघांपैकी एकाचाही वार इमारतीला लागला की सगळं संपलं. माझ्याकडे तीन मेक, म्हणजे आत पायलट बसलेली लढाऊ यंत्रं. कॅनन मेकने हॉर्नेटला एक घर बाजूला सारलं, तिची नांगी रिकाम्या जागेत. आर्टिलरी मेकचा गोळा स्कॅरॅबच्या शेजारच्या घरात टाकला, धक्क्याने तो एक घर सरकला आणि त्याच्याबरोबर त्याचा नेमही सरकला. उरली फायरफ्लाय. तिच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. राल्फच्या कॉम्बॅट मेकमध्ये एक जीव शिल्लक होता. दुरुस्ती केली असती तर दोन झाले असते, आणि मारा तीनचा. मूव्ह मागे घेत घेत सगळ्या जागा तपासून पाहिल्या. अख्खा टर्न पुन्हा खेळायची एकदाच मिळणारी मुभा, रीसेट, आधीच्या टर्नला वापरून झाली होती. शेवटी त्याला गोळीच्या वाटेत उभं केलं आणि टर्न संपवला.

टोचत राहतं ते पुढचंच. कॉम्बॅट मेक एरवी तीन घरं चालतो. राल्फ आत असला की तो चार घरं चालायचा, कारण लढायांमागून लढायांत टिकून राहून त्याने ते एक जादा पाऊल कमावलं होतं. गोळीच्या वाटेतली ती जागा चार घरांवर होती.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर जवळजवळ ओरडलाच. "अगं, टाइमलाइन सोडून द्यायची ना! ग्रिड गेला तर जाऊ दे. राल्फला घेऊन सरळ पुढे उडी." 'इन्टू द ब्रीच' खेळलेल्यांना तो काय म्हणत होता ते लगेच कळेल. ग्रिड शून्यावर आला की ती पृथ्वी गेली, पण जिवंत राहिलेल्या पायलटांपैकी एकाला, त्याच्या सगळ्या अनुभवासकट, दुसऱ्या टाइमलाइनमध्ये पाठवता येतं. दादा याच हिशोबाने खेळतो. त्याच्या मते मुरलेला पायलट हेच खरं भांडवल, टाइमलाइन काय, पुन्हा सुरू करता येते. मी म्हटलं, आणि तिथे मागे राहिलेल्या माणसांचं काय? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "त्यांना तू तशीही ओळखत नाहीस. राल्फला ओळखतेस." या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. उत्तर शोधता शोधता लक्षात आलं, की हा खेळ मला इतका का आवडतो हे मी स्वतःला कधी नीट सांगितलेलंच नाही.

वळणावळणाने खेळायच्या बहुतेक लढाऊ खेळांत आपण शत्रूच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधत बसतो. नेम धरला की कोपऱ्यात आकडा येतो, पंचाण्णव टक्के, आणि तरी गोळी हुकते. २०१२ सालचा 'एक्सकॉम' खेळलेल्या प्रत्येकाकडे असा एक हुकलेला नेम असतोच, आणि तो वर्षानुवर्षं सांगायला पुरतो. त्या हुकण्यात एक दिलासाही असतो: आपण करायचं ते केलं, नशीब फिरलं. 'इन्टू द ब्रीच'मध्ये हा दिलासा जवळजवळ काढूनच घेतलाय. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या जोडीचा आधीचा खेळ, २०१२चाच 'एफटीएल', नशिबाच्या तडाख्यांवर उभा होता. पुढच्या चौकात काय वाढून ठेवलंय ते तिथे कळायचं नाही. २०१८मध्ये त्याच दोघांनी उलटं टोक गाठलं. इथे व्हेक आधी येऊन उभे राहतात, कोणावर, कुठल्या दिशेने, किती जोराने मारणार हे पटावर उघड दाखवतात, आणि मग थांबतात. आता तुमची पाळी. कुणाचा वार आधी, कुणाचा नंतर, तो क्रमही एका बटणावर दिसतो. पुढच्या खेपेला जमिनीतून नवे व्हेक कुठून निघणार ती घरंसुद्धा आधीच थरथरू लागलेली असतात. आकडे इतके लहान की बोटांवर मोजावेत: एक, दोन, तीन. तुमच्या ठोशाने नेमकं काय होईल तेही माऊस नेला की दिसतं.

सगळं दिसत असताना जे होतं ते आपण होऊ दिलेलं असतं.

सुरुवातीला मी इथेही मारायलाच निघायचे. तीन मेक, चार-पाच किडे, प्रत्येकाचे जीव मोजायचे, ठोसे वाटून द्यायचे. तसं केलं की वाचवायच्या चार बेटांपैकी दुसऱ्यावरच दम संपतो, कारण व्हेक येतच राहतात आणि आपले हात तीनच असतात. नवशिक्याला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी म्हणेन, किडे मोजूच नका, वार मोजा. टर्न सुरू झाला की आधी बघायचं, इमारतींवर पडणारे वार किती. तीन दिसले आणि त्यातला एक फायरफ्लायचा, दुसऱ्या व्हेकच्या पाठीतून जाणारा असेल, तर तो मोजायचाच नाही, तो आपल्या बाजूने लढतोय. लढाई चार-पाच टर्नांत आटोपते आणि मुदत संपली की उरलेले व्हेक आपले आपण जमिनीत परत जातात. एकही न मारता लढाई जिंकता येते, आणि एखाद्या अवघड बेटावर तशी जिंकलेली लढाई मला सगळ्यात देखणी वाटते. ठोशातल्या दोन जीवांच्या माऱ्यापेक्षा त्यातला एका घराचा धक्का जास्त मोलाचा. धक्क्याने किडा पाण्यात जातो आणि उडता नसेल तर बुडतो, मग त्याचे जीव तीन असोत की पाच. दरीत गेला तरी तेच. दुसऱ्या किड्यावर आदळला तर दोघांचा एकेक जीव जातो. पण तोच धक्का चुकीच्या दिशेने बसला आणि किडा इमारतीवर आदळला, तर वार न होताच ग्रिडमधली एक खूण जाते. म्हणून धक्का देण्याआधी मी धक्क्याच्या पलीकडचं घर बघते, आणि त्याच्याही पलीकडचं.

बुद्धिबळात रिचर्ड रेतीने १९२१ साली रचलेली एक छोटीशी स्थिती आहे. पांढऱ्याचा राजा एका कोपऱ्यात अडकलेला, काळ्याचं प्यादं वजीर व्हायला निघालेलं, आणि ते राजाच्या हाती लागेल अशी शक्यताच दिसत नाही. स्वतःच्या प्याद्यालाही त्याचा आधार पोचत नाही. एकेक काम वेगळं धरलं तर दोन्ही अशक्य. पण राजा तिरका चालत येतो, आणि तिरकं टाकलेलं प्रत्येक पाऊल दोन्ही कामांच्या जवळ नेतं. काळ्याला दोन्ही एकदम अडवता येत नाही, आणि हरलेला डाव बरोबरीत सुटतो. ती स्थिती पहिल्यांदा सोडवली तेव्हा अंगावर काटा आला होता. आठ बाय आठचा पट तोच, आणि 'इन्टू द ब्रीच'मधला चांगला टर्नही त्याच जातीचा. तीन मेकच्या तीन चाली आणि संकटं चार. एका चालीने दोन संकटं मिटवल्याशिवाय हिशोब जुळतच नाही. आर्टिलरीचा गोळा दोन किड्यांच्या मधल्या रिकाम्या घरात टाकला की दोघे विरुद्ध दिशांना सरकतात. मग बघायचं, एक सरकून पाण्यात जातोय का, आणि दुसरा सरकून जमिनीच्या थरथरत्या घरावर जातोय का. गेला तर तो खालून येणाऱ्याची वाट अडवतो, अडवल्याबद्दल स्वतःचा एक जीव गमावतो, आणि आपला एकही मेक तिथे गुंतत नाही. असं जुळून आलं की मी टर्न संपवायचं बटण लगेच दाबत नाही. थोडा वेळ नुसती बघत बसते.

आवाजाबद्दल सांगायलाच हवं. तो टर्न जुळवत असताना खेळ जवळजवळ गप्प असतो. संगीत मागे कुठेतरी गुरगुरत राहतं. मेक एका घरातून दुसऱ्यात जाताना धप् असा जड आवाज होतो, मागे घेतला की तो जणू कधी हललाच नव्हता. आणि टर्न संपवला की सगळं एका दमात घडतं: आगीत उभे असलेले भाजतात, त्या बेटावरची वीज किंवा लाट यायची असेल तर ती येते, मग ठरलेल्या क्रमाने एकामागून एक वार, मग जमीन फुटून नवे व्हेक. आपण काही करू शकत नाही. दहा-पंधरा मिनिटं डोक्यात रचलेलं काही सेकंदांत डोळ्यांसमोर उलगडतं. त्या सेकंदांत इमारतींतून लहानशा चौकटीत माणसांचे उद्गार उमटतात. कुणी घाबरलेलं, कुणी व्हेक पडताना पाहून जल्लोष करणारं. त्यांना नावं नाहीत, चेहरे नाहीत. माऊस नेला तर त्या इमारतीत किती माणसं आहेत तेवढा आकडा दिसतो. दादा म्हणतो ते खरं आहे, मी त्यांना ओळखत नाही. पण सगळी मांडणी त्यांच्यासाठीच चाललेली असते. मेक मोडला तरी पुढच्या लढाईला तो दुरुस्त होऊन येतो, इमारत पडली की पडली. मेकचे जीव लढाई संपल्यावर फुकट भरून निघतात, ग्रिडची एकेक खूण मात्र मिळवावी लागते. म्हणून ज्या वाराला कुठेच वळवता येत नाही तो अंगावर घ्यायचा, हे या खेळातलं अगदी साधं डावपेचाचं गणित आहे. मेकचं शरीर हीसुद्धा एक भिंत आहे.

ते गणित राल्फच्या बाबतीत अडखळतं, कारण मेकचे जीव शून्यावर आले की आतला पायलट जातो. मेक परत येतो, आत माणूस नसतो. पुढच्या लढाईला संगणकच तो मेक चालवतो, त्याला काही शिकता येत नाही, जादा पाऊल टाकता येत नाही. राल्फ पहिल्यापासून मिळणारा पायलट. त्याचं वैशिष्ट्य असं, की किडा मारला की त्याला इतरांपेक्षा दोन गुण जास्त अनुभव मिळतो, म्हणजे तो लवकर शिकतो. अशा पायलटला घडवायचं तर शेवटचा ठोसा त्याच्या वाट्याला यावा म्हणून इतरांनी मुद्दाम हात आवरता घ्यायचा. मी ते केलं होतं. कॅननने सहज मेलं असतं ते त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. आपण एखाद्याला वाढवलं की तो आपल्याला दिसू लागतो, आणि इमारतीतले लोक आकडाच राहतात. दादाचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. त्याने मांडलेला हिशोब पक्का आहे. सराईत पायलट घेऊन पुढची टाइमलाइन सुरू करणं हे कोऱ्या पायलटपेक्षा नक्कीच सोपं जातं, आणि पहिल्या बेटावर, जिथे हातात काहीच नसतं, तिथे तो फरक जाणवतो.

आणखी एक वाट होती, आणि तिचा विचार मी त्या रात्री खरंच केला. या खेळात नशिबाला एकच छोटी फट ठेवलेली आहे. इमारतीवर वार पडला तरी ती टिकण्याची थोडी शक्यता असते, सुरुवातीला पंधरा टक्के. तेवढ्यावर भरवसा ठेवून राल्फला बाजूला उभं करता आलं असतं. इमारत टिकली असती तर सगळेच वाचले असते, पडली असती तर टाइमलाइन गेली असती आणि दादा म्हणतो तसं राल्फ पुढे निघाला असता. दोन्हीकडून राल्फ जिवंत. असं मांडून पाहिलं तेव्हा ती वाट फार मोहक वाटली, आणि म्हणूनच मी ती सोडली. त्या फटीतून बाहेर पडणं म्हणजे मी काहीच ठरवलं नाही, जे झालं ते झालं, असं म्हणायची सोय. पंधरा टक्के कधीतरी आपल्या बाजूने पडतात, तेव्हा मी मोठ्याने ओरडून आनंद करते. पण त्यांना धरून चाल रचत नाही. सगळं उघड्यावर मांडलेल्या पटावर मुद्दाम डोळे मिटून घेणं माझ्याच्याने होत नाही.

त्या मेकचा सांगाडा तिथेच उभा राहिला. मेलेला मेक पटावरून जात नाही, वाट अडवत राहतो, आणि शेवटच्या टर्नला व्हेकना त्याला वळसा घालूनच यावं लागलं. ते बेट सुटलं, पुढे ज्वालामुखीचं, शेवटच्या लढाईचं, बेटही सुटलं. दोन बेटं वाचवली की शेवटची लढाई खुली होते, चारही वाचवून जायचं की दोनवरच जायचं हे आपण ठरवायचं. जितकी बेटं जास्त, तितके शेवटी समोर येणारे व्हेकही दांडगे. राल्फ असता तर मी कदाचित चारही केली असती. दोनवर गेले.

दादाशी वाद संपलेला नाही, आणि तो संपावा असं आम्हा दोघांनाही वाटत नसावं. मध्यंतरी त्याने एका टर्नचं चित्र पाठवलं, खाली एवढंच, "बघ." त्याची स्टील जुडोका तुकडी. ग्रिडमध्ये दोन खुणा. बीटल पूर्वेकडे तोंड करून इमारतीवर धावून जाणार. तिच्या दोन ओळी वर फायरफ्लाय, दक्षिणेकडे नेम धरून, तिच्या खालच्या इमारतीवर. सीज आणि ग्रॅव्हिटी दोन्ही मेक स्कॉर्पियनच्या जाळ्यांत अडकलेले, आणि त्यांच्या माऱ्याची सरळ रेघ दोघींपैकी कुणापर्यंतच पोचत नाही. मोकळा फक्त जुडो मेक. दादाने लिहिलं होतं, जुडोने फायरफ्लायच्या तोंडासमोर उभं राहायचं, बीटलला आपली इमारत देऊन टाकायची, एक खूण राहते. मला आधी तेच दिसलं. मग वारांचा क्रम पाहिला. बीटल पहिली, फायरफ्लाय दुसरी.

मी लिहिलं, जुडोला बीटलच्या वरच्या घरात ने. तो समोरच्याला उचलून पाठीमागे फेकतो, म्हणजे बीटल दोन ओळी वर, फायरफ्लायच्याच ओळीत, तिच्या पश्चिमेला पडेल. तोंड तिचं पूर्वेकडेच राहील. टर्न संपव. बीटल धावत जाऊन फायरफ्लायला धडकेल, फायरफ्लाय एक घर पूर्वेला सरकेल, आणि मग तिची पाळी येईल तेव्हा ती दक्षिणेलाच मारेल, पण शेजारच्या उभ्या ओळीत. तिथे काही नाही.

बराच वेळ उत्तर आलं नाही. तो पट पुन्हा पुन्हा तपासत असणार, हे मला न सांगता कळत होतं. मग फोनच आला.

"आणि माझा पायलट?"

"त्याला कोण हात लावतंय? तो दोघींच्या मधल्या ओळीत आहे, बीटल वरून निघून जाते आणि गोळी पलीकडून."

"थांब, दाबतो," तो म्हणाला, आणि फोन कानाला तसाच ठेवून त्याने टर्न संपवला.